तेल पाजलेलं लाकूड

नारळाच्या गावात बसून मी बाकीची तेलं विकते. मालवणच्या बाजारपेठेत रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान सासऱ्यांनी घातलं, आता गल्ल्यावर मी असते. नवं घर बांधलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: घरचं खोबरेल डबाभर पडलंय, मग दाराला हे विकतचं कशाला? त्याला काय सांगणार! खोबरेल लावलेलं दार चार दिवस सुंदर दिसतं. मग त्यावर धूळ बसते, बसलेली निघत नाही, आणि गणपतीला लावलेलं तेल शिमग्यातही बोटाला लागतं. वर खवट वास. पुढे कधी त्या दाराला पॉलिश करावंसं वाटलं, तर पॉलिशवाला रंध्याने पातळ साल काढल्याशिवाय हात लावत नाही, कारण तेलकट लाकडावर चपडीचं पॉलिश धरतच नाही.

कारण साधं आहे. खोबरेल सुकत नाही. आणि लाकडाच्या बाबतीत तेलाचं सुकणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नव्हे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तेलाचा चिवट पापुद्रा तयार होतो. सुकताना या तेलाचं वजन घटत नाही, वाढतं. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्ही तेलांचा आयोडीन आकडा काढत असू, तेव्हा त्याचा उपयोग काय हे कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात बसल्यावर कळलं. हा आकडा जितका मोठा, तितकं तेल सुकायला तयार. नारळाचा 10 च्या आसपास, शेंगदाण्याचा 90 च्या आसपास, करडईचा 140 च्या वर, जवसाचा 170 च्याही वर. जुन्या मेस्त्र्यांना आकडा ठाऊक नव्हता. ते काचेच्या तुकड्यावर तेलाचा एक थेंब बोटाने पसरून काच पायरीवर उन्हात ठेवत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नख मारून बघत. नखाला पापुद्रा लागला तर माल खरा. नख घसरलं तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं. भेसळ ओळखायची याहून स्वस्त रीत मला अजून सापडलेली नाही.

पण सुकतं तेच तेल चांगलं, असा नियम करून बसलात तर दर्यावरची माणसं हसतील.

किनाऱ्यावर लाकडाला पाजायचं पहिलं तेल म्हणजे मोरीच्या काळजाचं (यकृताचं). मोरीला, म्हणजे शार्कला, इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. पाण्यात हलकं राहायला तिला काळजातल्या तेलाचाच मोठा आधार, म्हणून तिचं काळीज अंगाच्या मानाने भलतंच मोठं असतं. ते चिरून पाण्यात मंद आंचेवर ठेवायचं, नाहीतर सरळ मडक्यात घालून उन्हात सोडून द्यायचं. तेल वर तरंगतं, ते वाटीने काढून घ्यायचं. तारलीचा हंगाम भरला की तारली उकळून, पिळून तिचंही तेल काढत. दोन्हींना जो वास येतो त्याला ‘वास’ म्हणणं हा सौम्यपणा झाला. वाऱ्याची दिशा फिरली की अर्ध्या गावाला कळायचं, आज कुणाच्या होडीला तेल चाललंय.

ही रीत एकट्या कोकणाची नाही आणि आजकालचीही नाही. स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर 1183 साली हजला निघाला होता. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातल्या होड्यांचं त्याने बारकाईने वर्णन केलं आहे. त्या होड्यांना खिळे नव्हते, फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या. लाकूड आणि काथ्या हिंदुस्थानातून आणि येमेनातून यायचा. शिवून झालेल्या होडीला तूप, एरंडेल किंवा शार्कचं तेल चोपडत, आणि त्यात शार्कचं तेल सर्वांत उत्तम, असं तो लिहितो. कारणही देतो: त्या समुद्रात प्रवाळाचे खडक फार, तेल प्यालेलं लाकूड मऊ आणि लवचिक राहतं, खडकाला घासलं तरी तडकत नाही. शंभरएक वर्षांनी मार्को पोलो होर्मुझला पोहोचला, त्यालाही तशाच शिवलेल्या, डांबराऐवजी माशाचं तेल चोपडलेल्या होड्या दिसल्या. त्याला त्या मुळीच आवडल्या नाहीत. युरोपातल्या माणसाला डांबर म्हणजे सुरक्षितता वाटायची, इथल्या माणसाला तेल.

इब्न जुबैरने दिलेलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. दाराला कडक पापुद्रा चालतो, कारण दार बिजागरीवर फिरतं, वाकत नाही. होडी प्रत्येक लाटेला वाकते. फळीवर काचेसारखा कडक थर बसवला तर तो पहिल्याच हंगामात तडकेल आणि त्या तडीतून पाणी आत शिरेल. होडीला हवं असतं ते आत मुरणारं, चिकट, अर्धवटच सुकणारं तेल. म्हणजे दाराच्या बाबतीत जो दोष, तोच इथे गुण. पाण्याखालच्या भागाला नुसतं तेल पुरत नाही, म्हणून तिथे चुना आणि तेल किंवा चरबी मळून केलेला लेप देत. चुन्याची आणि तेलाची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. तो घट्ट बसतो आणि खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या किड्याला आत शिरू देत नाही. त्याला किडा म्हणतात एवढंच, जातीने तो शिंपल्याचाच भाऊबंद. पुढच्या हंगामाआधी तो लेप खरवडून काढायचा आणि नवा द्यायचा. गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळच्या बाजूला होड्यांच्या तेलासाठी व्हेल शार्क मारत असत. 2001 मध्ये त्या माशाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं आणि तो रस्ता बंद झाला. तसा मोरीच्या तेलाचा भाव आधीच एकदा बदलला होता. दुसऱ्या महायुद्धात कॉडलिव्हर तेलाची आयात तुटली, तेव्हा डॉक्टरांना शार्कच्या तेलातलं अ जीवनसत्त्व आठवलं आणि होडीला फासायचं तेल बाटलीत भरून पोरांना चमच्याने पाजलं जाऊ लागलं.

दुसरं तेल काजूचं. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणला. त्याआधी आपल्याकडे त्याचा चुलतभाऊ होता, बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाने धोबी कपड्यावर खूण करतो हे सगळ्यांना माहीत असतं. तेच तेल खांबाच्या बुडाला लावलं तर वाळवी फिरकत नाही, हे जुन्या घरवाल्यांना माहीत असायचं. काजूच्या बीचं टरफल फोडून बघा. बाहेरची आणि आतली साल यांच्या मधे जाळीदार पोकळ्या असतात आणि त्यांत काळपट, मधापेक्षा दाट द्रव भरलेला असतो. तो हाताला लागला की पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी चामडी लाल होते, मग फोड येतात, आणि बरं होताना सगळी साल निघते. काजू फॅक्टरीत बी फोडणाऱ्या बायका म्हणून हाताला राख किंवा एरंडेल लावून बसतात. गोष्ट गमतीची अशी की चीन-जपानातलं ते प्रसिद्ध काळंभोर लाखकाम ज्या झाडाच्या चिकापासून होतं, तेही याच कुळातलं. त्याचाही चीक असाच अंगावर उततो, आणि रासायनिक बांधणीत दोघे सख्खे शेजारी आहेत. जपानात त्या महागड्या चिकाऐवजी काजूच्या तेलापासून केलेला रंग सर्रास वापरला जातो. आमच्याकडे मात्र त्याच तेलाला होडीचं बूड नाहीतर गोठ्याचा वासा, एवढीच पदवी मिळाली.

काजूतेल लावायचं काम बघण्यासारखं असतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आधी उघडीप मिळाली की झापं बाजूला होतात आणि लाकूड ब्रशने कोरडं घासलं जातं. तेल थंड लावलं तर वरच्या वर राहतं, म्हणून डबा चुलीवर कोमट करायचा; आणि फार तापवला तर धूर डोळ्यांत जातो, तोही उततो. काठीला गुंडाळलेल्या चिंधीने ते फळीवर ओढायचं. पहिला हात लाकूड गटागटा पितं, बघता बघता फळी पुन्हा कोरडी दिसते. दुसऱ्या हाताला पिणं मंदावतं. तिसरा हात वर राहू लागला की थांबायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. फळीच्या तोंडाला, म्हणजे जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या कापलेल्या असतात तिथे, सगळ्यांत जास्त पाजायचं, कारण पाणी तिथूनच शिरतं. आमच्याकडचा एक जुना नाखवा म्हणायचा, “वयनी, होडयेची तोंडां भरली काय होडी भरली.” बाकीच्या अंगाला कमी पडलं तरी चालेल, असा त्याचा हिशेब. तो बरोबर होता.

उंडीचं तेल, करंजाचं तेल यांची गोष्ट थोडक्यात आवरते. रॉकेल येण्याआधी ही कडू तेलं दिव्यांत जळायची. लाकडाला ती लावत ती किडीसाठी, चकाकीसाठी नव्हे. घरटी उंडीचं झाड नाहीसं झालं तशी तीही गेली.

सागाची गोष्ट वेगळी. सागाला तेल उपजतच असतं, म्हणून वाळवी त्याला तोंड लावत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वरच्या कमानीला बसवलेल्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आसपासच्या आहेत, आणि त्यांना कुणी दरसाल तेल पाजलेलं नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांचा दबदबा होता तोही सागामुळे. ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, साग ते सांभाळतो. 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगताना बघायला मिळतं. आणि तरीही, एवढा साग हाती असताना, सुरतेकडचे जहाजवाले जहाजांच्या बुडाला अधूनमधून ‘वुड ऑइल’ चोळत असत, अशी नोंद जॉन हेन्री ग्रोस या इंग्रजाने 1750 च्या दशकात केली आहे. त्याच्या मते हे तेल फळ्यांमध्ये मुरतं आणि त्यांना पोसतं. हे गर्जन तेल असावं असा माझा तर्क आहे. चितगाव-ब्रह्मदेशाकडच्या गर्जन झाडाच्या बुंध्यात खाच कोरून तिच्यात जाळ करत, की तेल त्या खाचेत पाझरून साचायचं. सागाला वरून तेलाची गरज नसते, हे पुस्तकी सत्य. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या सागाला तेल लावलं, तर नाखव्याला रात्री झोप लागते, हे दुसरं सत्य.

आता घरांकडे येऊ, कारण माझा धंदा खरा चालतो तो तिथे.

घराच्या दाराखिडक्यांना, तुळयांना, माडीच्या कठड्याला बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. कोकणात जवस पिकत नाही. आम्ही अळशी म्हणतो ती कुठे दुखलं-खुपलं तर पोटीस बांधण्यापुरती. जवस विदर्भाचा, तिथे चटणीत आणि फोडणीत जातो. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि दोन वर्षांनी सुएझचा कालवा उघडला. कापसाची कहाणी सगळे सांगतात. त्याच गाड्यांतून जवसाची पोतीही मुंबई बंदरात येत होती आणि इंग्लंडात हलसारख्या बंदरात, तेल गाळायच्या गिरण्यांत जात होती. तिकडे त्या तेलाचं काय व्हायचं? रंग व्हायचा, व्हार्निश व्हायचं, छपाईची शाई व्हायची, आणि लिनोलियम व्हायचं. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाला रंगाच्या डब्यावर धरलेली रबरासारखी साय दिसली आणि तिच्यात त्याला जमिनीवर अंथरायचा गालिचा दिसला. 1860 च्या सुमारास त्याने पेटंटं घेतली. ती साय मी रोज डबे उघडताना काढून फेकते. डोळा असावा तर असा! पुढे अर्जेंटिनाचा जवस बाजारात उतरला आणि विदर्भाचा माल मागे पडला. पण मधल्या काळात उलटा प्रवास सुरू झालेला होता. वऱ्हाडात पिकलेलं बी समुद्रापार जाऊन तेल होऊन, कधी रंगाच्या पोटात तर कधी नुसतं, सीलबंद डब्यातून मुंबईला परत यायचं, आणि मुंबईहून बोटीने मालवण-वेंगुर्ल्याला. विदर्भ आणि कोकण यांच्यात सरळ रस्ता असताना तेलाला वळसा मात्र हलचा. देशी तेलगिरण्या आणि रंगाचे कारखाने उभे राहिले तेव्हा कुठे हा वळसा संपला.

कच्चं जवसतेल सुकायला आठवडे घेतं. म्हणून ते तापवून त्यात मुर्दाडशिंग घालत, म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड. शिसं प्राणवायू ओढायला मदत करतं आणि तेल दोन-तीन दिवसांत धरतं. पुढे शिशाच्या जागी कोबाल्ट आणि मँगनीजचे क्षार आले, तेही केवढ्या उशिरा! घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा घालणारे आपल्याकडचे नियम 2016 चे आहेत. म्हणूनच कुणी नव्या पोळपाटाला, काठवटीला बेलतेल लावू का असं विचारलं की मी नाही म्हणते. डब्यात सुकवण कुठलं घातलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. भाकरीच्या लाकडाला घरचं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल चोळा, पुसा, चार दिवसांनी पुन्हा चोळा. ते सुकणार नाही, पण तुम्ही रोज धुताच की.

बेलतेलात काव कालवून दाराला द्यायची पद्धत मी अजून जुन्या घरांत बघते. फणसाचं लाकूड कापल्यावर हळदीसारखं पिवळं असतं. बेलतेलाने ते मधासारखं होतं आणि वीसएक वर्षांनी चिंचेच्या बोटकासारखं गडद. पण हेच तेल कोकणच्या पावसात दगाही देतं. ते बियांचं तेल, म्हणजे बुरशीला जेवण. जुलैत सावलीतल्या दारावर, जिथे ऊन पडत नाही तिथे, मोहरीएवढे काळे ठिपके उठतात आणि श्रावणापर्यंत दार ठिपकेदार होतं. त्यावर इलाज म्हणून काहीजण बेलतेलात थोडं काजूतेल घालत. रंग काळवंडायचा, बुरशी थांबायची. कोण म्हणेल हा तोटा, कोण म्हणेल फायदा. मला तो काळा रंगच आवडतो. आणखी एक खोड: जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पांढऱ्या रंगाच्या कपाटाचं दार बाहेरून पांढरं आणि आतून पिवळट झालेलं दिसलं की समजावं, आत जवस आहे. पांढऱ्या रंगात म्हणून करडईचं तेल घालत. ते हळू सुकतं, पण पिवळं पडत नाही. सोलापूरकडच्या करडईचा हा उपयोग फोडणी टाकणाऱ्यांच्या गावीही नसतो.

इतकी तेलं सांगितली तरी कुठलं निवडायचं याचं उत्तर त्यांच्या गुणांत नाही, असं माझं मत होत गेलं आहे. पुढच्या वर्षी हे तेल कोण लावणार, हा खरा प्रश्न. मासळीचं तेल आणि काजूचं तेल टिकाऊ म्हणून कुणी वापरलं नाही. टिकाऊ ती नव्हतीच. पावसाळ्याचे महिने होडी किनाऱ्यावर, घरातले पुरुष रिकामे, मोरीचं काळीज आणि काजूची टरफलं फुकट. मग दरसाल खरवडा, दरसाल पाजा. उलट पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्याचं गावचं घर. तो मे महिन्यात आठ दिवस येणार आणि गणपतीत पाच. त्याने विकतचं, सुकणारं, तीन-चार वर्षं बघावं लागणार नाही असं तेल घेतलं. मनीऑर्डर आली की बेलतेलाचे डबे खपतात, हे सासऱ्यांना कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाआधी कळलं होतं. त्यांच्या खतावणीत वैशाखाच्या पानांवर बेलतेलाची उधारी दाटीने आहे आणि आषाढात काहीच नाही.

मग फायबर आलं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत होड्यांचं तेल बंद पडत गेलं त्याला एक कारण माणसं मिळत नाहीत हे, दुसरं लाकूड परवडत नाही हे. पण मधल्या पिढीत एक विचित्र पेच झाला, तो लिहून ठेवण्यासारखा आहे. बापजाद्यांची लाकडी होडी मोडायची नाही, तिच्यावर बाहेरून फायबरचा थर चढवायचा, असं अनेकांनी ठरवलं. आणि थर धरेना. रेझिन कोरड्या लाकडाला चिकटतं. पन्नास वर्षं मोरीचं तेल प्यालेल्या फळीला ते चिकटत नाही. वरून कितीही घासा, आतलं तेल उन्हाने पुन्हा वर येतं. पहिल्याच हंगामात थर सुटून फुग्यासारखा लटकायचा. ज्यांच्या आजोबांनी होडीची जास्त निगा राखली, त्यांचीच होडी फायबरला नालायक ठरली. हयगय झालेल्या, कोरड्या पडलेल्या होड्यांना मात्र ते छान बसलं. खोबरेल चोपडलेल्या दाराची आणि पॉलिशवाल्याची हीच तक्रार, फक्त पैशांचा आकडा मोठा.

तेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगावी अशी एक गोष्ट आहे, आणि ती मी बिल फाडताना सांगते: बेलतेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल प्राणवायू ओढतं तेव्हा गरम होतं. दारावर ती ऊब उडून जाते, चिंध्यांच्या ढिगात साठते, आणि काडी न लावता ढीग पेटतो. 1991 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा ही 38 मजली इमारत जळाली, तीन अग्निशमन जवान गेले. लाकडी पॅनेलिंगला नवं फिनिश देणाऱ्या कामगारांनी बाविसाव्या मजल्यावर टाकलेल्या जवसतेलाच्या चिंध्या हे कारण निघालं. चिंधी दोरीवर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका. ऐकणारे ऐकतात. बॅटसाठी छोटी बाटली न्यायला येणारी पोरं तर हमखास ऐकत नाहीत. टेनिस बॉलच्या बॅटला तेल लागतच नाही हेही ती ऐकत नाहीत.

आजकाल शहरातून येऊन इथे जुनी घरं विकत घेणारे लोक ‘टीक ऑइल’ मागतात. नावात साग आहे, डब्यात नाही. जवसाचं नाहीतर तुंग नावाच्या चिनी झाडाच्या बियांचं तेल, पातळ करायला टरपेंटाइनसारखं काहीतरी, थोडं व्हार्निश, असा तो मसाला असतो. वाईट नसतो. भाव मात्र सागाचा. मी ठेवते, विकते, आणि झोपाळ्याच्या पाटाला तेच घेणार असाल तर पहिला हात निम्मं टरपेंटाइन घालून द्या म्हणून सांगते, म्हणजे आत मुरेल.

काजूतेल हल्ली माझ्याकडे नसतं. फॅक्टऱ्या आता बी वाफवून फोडतात, टरफलं सुकी आणि तेलाने भरलेली राहतात, ती ट्रक भरून गाळायला जातात. त्या तेलापासून रेझिन करतात आणि गाड्यांच्या ब्रेकलायनिंगमध्ये घालतात. तापलं तरी ब्रेकची पकड सुटत नाही म्हणून कारखान्यांना ते हवं असतं. परवा एक म्हातारा नाखवा डबा घेऊन आला होता, पोराने वगळलेल्या जुन्या होडीसाठी. फॅक्टरीवाला आता किरकोळ देत नाही म्हणाला. मी त्याला बेलतेल दाखवलं. त्याने बोट बुडवून नाकाशी नेलं आणि विचारलं, “ह्या सुकतला मां?” सुकतं म्हटलं. “मगे नको,” म्हणाला, आणि रिकामा डबा उचलून कट्टा गावच्या फॅक्टरीकडे जाऊन बघतो म्हणून निघाला.